दमट हवेतील कोरडी भिंत : जिप्समच्या कामासाठी भरवशाचा कंत्राटदार कसा निवडावा

मुंबई, पणजी, कोची, चेन्नई, कोलकाता, गुवाहाटी अशा दमट हवेच्या शहरांत घरे, दुकाने व कार्यालये यांच्या आतील भिंती विटांऐवजी जिप्सम बोर्डाच्या उभारण्याचे प्रमाण वाढले आहे. छताखाली बसवले जाणारे फॉल्स सीलिंग तर आता मध्यमवर्गीय घरांतही सर्रास दिसते. काम काही दिवसांत पुरे होते, पाणी मारावे लागत नाही, राडारोडा कमी होतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. मात्र या कामातील उणिवा काम संपताना दिसत नाहीत. त्या पहिल्या पावसाळ्यात दिसतात. जोडांवर भेगा पडतात, छत मध्येच खाली झुकते, कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात, खोलीत कुबट वास राहतो. तोवर कंत्राटदाराचे पैसे चुकते झालेले असतात आणि पुष्कळदा त्याचा दूरध्वनीही लागत नाही.

म्हणून कोरड्या प्रदेशात कंत्राटदार निवडताना दर, वेग आणि सफाई या तीन गोष्टी पाहून भागत असले, तरी किनारपट्टीवर व अतिपावसाच्या प्रदेशात चौथी कसोटी लावावी लागते आणि तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. बोर्ड लावण्यापूर्वी पाणी कोठून येते याचा शोध घेणारा, आणि वाळण्यासाठी लागणारा वेळ देण्यास तयार असणारा कंत्राटदार भरवशाचा मानावा.

कोरडी भिंत म्हणजे काय

जिप्सम म्हणजे पाण्याचे रेणू स्फटिकात बांधून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग हे बांधलेले पाणी असते. आग लागल्यास हे पाणी वाफ होऊन बाहेर पडते व काही काळ उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. जिप्सम बोर्ड आगीला चांगला तोंड देतो, तो याच गुणामुळे. भारतात नैसर्गिक जिप्सम मुख्यतः राजस्थानात सापडते. शिवाय खत कारखान्यांत व औष्णिक वीजकेंद्रांत उपउत्पादन म्हणून मिळणारे जिप्समही वापरले जाते.

दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा थर दाबून बोर्ड तयार होतो. ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकी संशोधकाने १८९४ मध्ये अशा प्रकारच्या बोर्डाचे पेटंट घेतले. भिंत उभारताना जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा जमीन, छत व बाजूच्या भिंतींना बसवतात, त्याच्या दोन्ही अंगांना बोर्ड स्क्रूने जोडतात आणि जोडांवर पट्टी व लांबी भरून रंगकाम करतात. सिमेंटच्या गिलाव्यासारखे ओले काम नसल्याने तिला इंग्रजीत ‘ड्रायवॉल’ म्हणतात. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते, तर दोन्ही अंगांना एकेक बोर्ड लावलेली अशी भिंत पंचवीस किलोच्या आसपास. उंच इमारतींत तिला पसंती मिळण्याचे हे मोठे कारण आहे.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. व्यवहारात ‘पीओपी’, ‘जिप्सम’ आणि ‘जिप्सम प्लास्टर’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. पीओपीचे छत जाळीवर किंवा पट्ट्यांवर जागेवरच ओल्या मिश्रणाने घडवले जाते. जिप्सम प्लास्टर हा विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर दिला जाणारा गिलावा आहे. बोर्ड मात्र कारखान्यात तयार होऊन येतो. तिन्हींचे कारागीर, दर आणि दोष वेगवेगळे असतात. दरपत्रकात यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यावे.

दमट हवा नेमके काय करते

जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते. एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. हवेतील नुसत्या बाष्पाने बोर्ड लगेच बिघडत नाही, पण पाणी सतत झिरपत राहिले तर त्याचा गाभा मऊ पडतो आणि स्क्रूची पकड सुटते. छताला आडवा लावलेला बोर्ड स्वतःच्याच वजनाने झुकू लागतो. बाहेरचा कागद हे बुरशीचे आयते अन्न असते. भिजलेला भाग २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर बुरशी धरण्याचा धोका असतो, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन आहे. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी, असेही ती संस्था सुचवते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरील हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते, हे पाहता येथे हातात किती थोडी सवलत आहे याची कल्पना येते.

पाणी बोर्डापर्यंत चार वाटांनी पोहोचते. पहिली वाट गळतीची : वरच्या मजल्यावरील न्हाणीघर, गच्ची, नळाचे जोड आणि वातानुकूलन यंत्राची पाणी वाहून नेणारी नळी. दुसरी वाट भिंतीतील ओलीची : पावसाचा मारा सोसणारी बाहेरची भिंत किंवा तळमजल्यावर जमिनीतून वर चढणारी ओल. ज्या भिंतीला लोणा लागला आहे किंवा जिचे पोपडे सुटत आहेत, तिच्यात पाणी अजून फिरते आहे असे समजावे. तिसरी वाट दवाची : वातानुकूलनाच्या गार नळीवर किंवा हवा वाहून नेणाऱ्या पत्र्यावर आवरण नसेल, तर छतावरील पोकळीतील दमट हवा तेथे थंड होऊन थेंब धरते. चौथी वाट बांधकामाची स्वतःची : नुकताच केलेला गिलावा किंवा ओतलेले काँक्रीट कित्येक आठवडे ओलावा सोडत राहते.

या चारही बाबतींत बोर्डाचा एक अवगुण समान आहे, तो म्हणजे लपवण्याचा. विटांच्या भिंतीवर ओल आली की डाग लगेच दिसतो. बोर्डाच्या मागे पोकळी असल्याने पाणी आत कित्येक महिने काम करत राहते आणि समोरचा रंग तसाच तजेलदार दिसतो. ओल आलेल्या भिंतीसमोर बोर्डाचे अस्तर उभारून ती ‘झाकण्याचा’ सल्ला देणारा कंत्राटदार नेमका हाच अवगुण विकत असतो. असे काम पहिल्या दिवशी देखणे असते. पण मूळ दोष तसाच राहतो, वर बुरशीला अंधारी व बंदिस्त जागा मिळते.

पहिल्या भेटीतील परीक्षा

कंत्राटदार पाहणीसाठी आला की तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. वरच्या मजल्यावर न्हाणीघर कोठे आहे, गेल्या पावसाळ्यात कोणत्या भिंतीला डाग पडले होते, इमारतीच्या बाहेरून भेगा आहेत का, वातानुकूलन यंत्राची नळी कोठून जाणार आहे, खोली दिवसभर बंद असते का, हे प्रश्न अनुभवी माणूस आपण होऊन विचारतो. जो केवळ फीत लावून चौरस फूट मोजतो आणि दर सांगतो, त्याने कामाचा अर्धा भाग पाहिलेलाच नसतो.

ओलावा मोजण्याचे साधे यंत्र महाग नसते. दमट शहरात नियमितपणे हे काम करणाऱ्याजवळ ते असणे अपेक्षित आहे. ते नसल्यास घरमालकालाही एक सोपी चाचणी करता येते. शंकास्पद भिंतीवर जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा फूट-दीड फुटाचा चौकोन चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूने थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूने जमले तर हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचत आहे. पहिल्या परिस्थितीत आधी भिंतीची दुरुस्ती, दुसऱ्या परिस्थितीत हवा खेळती ठेवण्याची किंवा आवरणाची व्यवस्था, आणि त्यानंतरच बोर्ड, असा क्रम जो कंत्राटदार स्वतः सांगतो, त्याला पुढच्या चर्चेसाठी बोलवावे. काही दिवस थांबावे लागेल असे सांगून स्वतःचे काम पुढे ढकलणारा माणूस सहसा पळून जाणारा नसतो.

परदेशी पद्धतीचे आंधळे अनुकरणही येथेच ओळखता येते. थंड देशांत घरातील उबदार, दमट हवा भिंतीत शिरू नये म्हणून खोलीच्या बाजूने बाष्परोधक पडदा लावतात. उष्ण व दमट प्रदेशातील वातानुकूलित खोलीत परिस्थिती नेमकी उलटी असते. बाष्प बाहेरून आत येऊ पाहते. अशा वेळी आतील बाजूस प्लॅस्टिकचा पडदा किंवा व्हिनाइलचा भिंतकागद लावल्यास ओलावा त्याच्यामागे अडकतो आणि बोर्ड कुजतो. बाहेरच्या भिंतीच्या अस्तरावर व्हिनाइल कागद लावण्याची कल्पना मांडून पाहावी. जाणकार कंत्राटदार तिला विरोध करील.

माल ओळखण्याच्या खुणा

भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस २०९५’ हे मानक जिप्समच्या बोर्डांसाठी आहे. बोर्डाच्या मागील बाजूस किंवा कडेच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव, प्रकार, जाडी आणि उत्पादनाची तुकडी छापलेली असते. छत व भिंतीसाठी साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड प्रचलित आहे. सर्वसाधारण बोर्डाचा कागद पांढरट किंवा राखाडी, ओलावारोधकाचा हिरवा आणि अग्निरोधकाचा गुलाबी असतो. ओलावारोधक बोर्डाच्या गाभ्यात सिलिकोन किंवा मेणासारखी पाणी झिडकारणारी द्रव्ये मिसळलेली असतात. दोन तास पाण्यात बुडवल्यावर त्याने वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, अशी कसोटी आंतरराष्ट्रीय मानकांत रूढ आहे.

तथापि रंगावर विसंबणे पुरेसे नाही. छापील माहिती, खरेदीची पावती आणि प्रत्यक्ष आलेल्या बोर्डावरील तुकडी क्रमांक एकमेकांशी जुळवून घ्यावेत. याहून महत्त्वाचे म्हणजे, ओलावारोधक म्हणजे जलरोधक नव्हे. स्वयंपाकघर, न्हाणीघराचा कोरडा भाग आणि त्यावरील छत येथे हिरवा बोर्ड चालतो. जेथे अंगावर पाणी घेतले जाते त्या भिंतींना मात्र फायबर सिमेंटची सपाट फळी किंवा सिमेंटयुक्त बोर्ड आणि त्यावर जलरोधक लेप हाच मार्ग आहे. फायबर सिमेंटच्या फळ्यांसाठी ‘आयएस १४८६२’ हे वेगळे मानक आहे. ‘हिरवा बोर्ड लावला की कोठेही पाणी पडू द्या’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

बोर्डाइतकेच लक्ष सांगाड्याकडे द्यावे लागते, कारण किनाऱ्यावरील खारी हवा आधी लोखंड खाते. जस्ताच्या मुलाम्याचे प्रमाण दर चौरस मीटरला किती ग्रॅम, अशा आकड्याने सांगितले जाते. १२० आणि २७५ हे त्यांतील दोन प्रचलित दर्जे आहेत. समुद्रालगतच्या घरात अधिक जाड मुलाम्याचा आग्रह धरणे योग्य. कापलेल्या टोकांना जस्तयुक्त रंग लावणे, गंजरोधक स्क्रू वापरणे आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा टाळणे, हे त्याच शिस्तीचे भाग आहेत. दमट जागी लाकूड फुगते, आक्रसते आणि वाळवीला बोलावते. जुना, सुटा किंवा भंगारातून आलेला सांगाडा पुन्हा वापरून बचत दाखवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सरळ नाकारावी.

मालाची नोंद ठेवणे का आवश्यक, याचा धडा अमेरिकेतील एका प्रकरणाने दिला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे चीनमधून आयात झालेल्या काही सदोष बोर्डांतून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू बाहेर पडू लागले. घरात कुजक्या अंड्यांसारखा वास येई, तांब्याच्या तारा व वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या काळ्या पडत. २००९ पासून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने या तक्रारींची चौकशी केली. फ्लोरिडा, लुइझियाना अशा उष्ण व दमट राज्यांतून तक्रारी मोठ्या संख्येने आल्या होत्या. कोणत्या घरात कोणत्या तुकडीचा बोर्ड लागला आहे हा त्या चौकशीतील कळीचा प्रश्न होता. घरमालकाने बोर्डाच्या पाठीवरील छपाईचे छायाचित्र जपून ठेवले तर असा प्रश्न एका क्षणात सुटतो.

पूर्वीची कामे कशी पाहावीत

भ्रमणध्वनीवर दाखवलेली छायाचित्रे बहुधा काम संपल्या दिवशी काढलेली असतात. दमट प्रदेशात ती निरुपयोगी होत. किमान दोन पावसाळे पाहिलेली तीन कामे दाखवण्याची मागणी करावी आणि ती प्रत्यक्ष पाहावीत. शक्य झाल्यास भेट पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच घ्यावी. खिडकीतून तिरपा उजेड येत असताना छताकडे पाहिले की जोडांच्या रेषा, फुगवटे आणि झुकाव चटकन दिसतात. वातानुकूलन यंत्राभोवतीचा भाग, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि जमिनीलगतची पट्टी येथे डाग आहेत का, ते पाहावे. घरातील माणसांना ‘काम चांगले झाले का’ असे विचारण्यापेक्षा ‘नंतर काही बिघडले तेव्हा तो आला का, आणि किती दिवसांनी आला’ असे विचारावे.

काम घेणारा आणि काम करणारा वेगळा असू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. मोठ्या शहरांत एक माणूस काम मिळवतो आणि ते चौरस फुटाच्या मजुरीवर दुसऱ्या टोळीकडे सोपवतो. त्यात गैर काही नाही, पण प्रत्यक्ष देखरेख करणारा मिस्त्री कोण, तो रोज जागेवर असेल का, आणि पाहण्यात आलेली कामे त्याच टोळीने केली होती का, हे विचारून घ्यावे. मोठे बोर्ड उत्पादक कारागिरांसाठी प्रशिक्षण घेतात. त्याची प्रमाणपत्रे असल्यास ती जमेची बाजू होय.

वस्तू व सेवा कराची नोंदणी असल्यास १५ अंकी-अक्षरी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर तपासता येतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य दर्शवतात. महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०, केरळसाठी ३२, तामिळनाडूसाठी ३३ आणि पश्चिम बंगालसाठी १९. सेवा पुरवठादाराची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास, आणि काही विशेष राज्यांत १० लाखांच्या आत असल्यास, नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नसते. म्हणून नोंदणी नसलेला लहान कंत्राटदार आपोआप अविश्वसनीय ठरत नाही. मात्र नोंदणी नसताना देयकात हा कर आकारणारा तसा ठरतो.

दरपत्रकाची तुलना

किमान तीन दरपत्रके मागवावीत, पण तिन्हींत वर्णन एकच असेल तरच तुलनेला अर्थ आहे. केवळ ‘जिप्सम काम, प्रति चौरस फूट अमुक रुपये’ असे लिहिलेला कागद दरपत्रक म्हणवून घेण्यास पात्र नाही. बोर्डाचा प्रकार व जाडी, उत्पादक, सांगाड्याच्या पत्र्याची जाडी व मुलामा, पट्ट्यांमधील अंतर, जोडावरील पट्टीचा प्रकार, लांबीचे हात किती, रंगापूर्वीचा प्रायमर कोणता, आणि राडारोडा उचलणे कोणाकडे, या बाबी स्वतंत्र ओळींत असाव्यात. मोजमाप कसे करणार हेही ठरवावे. छतातील पायऱ्या, दिव्यांसाठीच्या खाचा आणि उभ्या कडा यांचे माप अनेकदा शेवटी वाढीव म्हणून जोडले जाते आणि तेथेच वाद उद्भवतो.

सर्वांत कमी दर कोठून आला, हे ओळींची तुलना केली की उमगते. बहुतेक वेळा तो पट्ट्यांमधील अंतर वाढवून, पातळ पत्रा वापरून किंवा ओलावारोधकाच्या जागी साधा बोर्ड गृहीत धरून आलेला असतो. या तिन्ही गोष्टी रंगाखाली झाकल्या जातात, म्हणूनच त्या आधी कागदावर याव्या लागतात.

करारात काय असावे

लहान कामासाठीही दोन पानांचा लेखी करार करावा. त्यात कामाचे वर्णन, मालाची यादी, सुरुवात व समाप्तीच्या तारखा, देयकाचे टप्पे आणि दुरुस्तीची हमी असावी. दमट प्रदेशासाठी आणखी तीन कलमे आवश्यक ठरतात.

पहिले कलम वाळण्याचे. भिंतीतील ओलावा ठरलेल्या पातळीखाली आल्याखेरीज बोर्ड लावू नये, आणि लांबीचा एक हात पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये, असे लिहून घ्यावे. आर्द्रता ५० टक्के असताना एका रात्रीत वाळणारा हात ९० टक्के आर्द्रतेत दोन-तीन दिवस घेऊ शकतो. घाईने दिलेले हात नंतर आक्रसतात आणि भेगा पडतात. या कलमामुळे काम लांबते. म्हणून अशा विलंबाबद्दल दंड आकारला जाणार नाही, हेही त्याच कलमात असणे न्याय्य होईल.

दुसरे कलम झाकण्यापूर्वीच्या तपासणीचे. सांगाडा, विजेच्या नळ्या आणि पाण्याच्या जोडण्या पूर्ण झाल्यावर घरमालकाने पाहणी करून छायाचित्रे काढल्याखेरीज दुसऱ्या अंगाचा बोर्ड किंवा छताचा बोर्ड लावू नये.

तिसरे कलम एका पावसाळ्याचे. सार्वजनिक बांधकामाच्या करारांत दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत कंत्राटदाराच्या रकमेचा काही भाग सुरक्षा ठेव म्हणून राखून ठेवला जातो. खासगी कामातही हेच तत्त्व लावता येते. साहित्य आणण्यासाठी मर्यादित आगाऊ रक्कम, सांगाडा उभा राहिल्यावर एक हप्ता, बोर्ड लागल्यावर दुसरा, रंगकामायोग्य पृष्ठभाग मिळाल्यावर तिसरा, आणि पाच ते दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपल्यावर, अशी विभागणी दोन्ही पक्षांना परवडणारी असते. भारतीय हवामान विभागाच्या सामान्य तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. चेन्नई व तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. राखीव रकमेची तारीख त्या त्या शहराच्या पावसावरून ठरवावी. ‘एक वर्षाची हमी’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणता दोष किती दिवसांत दुरुस्त होईल, हे नमूद करावे. त्याचबरोबर वरच्या मजल्यावरील गळतीसारख्या, कंत्राटदाराच्या हाती नसलेल्या कारणांसाठी त्याला जबाबदार धरले जाणार नाही, हेही लिहावे. एकतर्फी करारावर सही करणारा माणूस तो पाळण्याच्या इराद्याने सही करीत नाही.

काम चालू असताना

बोर्ड आले की ते जमिनीवर थेट न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर, सपाट आणि छपराखाली ठेवले आहेत का, ते पाहावे. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले बोर्ड वाकतात. कडा भिजलेला किंवा कागद सुटलेला बोर्ड परत पाठवावा. बोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून साधारण १० मिलिमीटर वर असावा. ही फट नंतर खालच्या पट्टीने झाकली जाते, पण लादी पुसताना सांडलेले पाणी बोर्डात चढत नाही. एवढ्याशा फटीने बोर्डाचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढते.

छताच्या प्रचलित रचनेत मुख्य पट्ट्या १२२० मिलिमीटरवर आणि बोर्ड ज्यांना जोडला जातो त्या आडव्या पट्ट्या ४५७ मिलिमीटरवर असतात. दमट जागी हे अंतर वाढवू देऊ नये. स्क्रूचे डोके कागद न फाडता पृष्ठभागाच्या किंचित आत बसले पाहिजे. कागद फाटला की पकड गेली. लगतच्या ओळींतील जोड एका रेषेत न येता विटांच्या बांधणीसारखे सरकवलेले असावेत. पंखे व जड दिवे बोर्डाला न टांगता थेट वरच्या काँक्रीटला टांगावेत. न्हाणीघराच्या नळ्या व वातानुकूलन यंत्राच्या जोडण्या जेथे आहेत, तेथे उघडता येईल असे झाकण ठेवून घ्यावे. त्याअभावी लहानशा गळतीसाठी अख्खे छत फोडावे लागते.

वातानुकूलनाच्या पाण्याच्या नळीचा उतार छत बंद करण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून तपासावा. गार नळ्यांवरील आवरणात कोठेही खंड नसावा. जोडांची घासणी चालू असताना सूक्ष्म धूळ उडते. त्या वेळी कारागिरांनी तोंडावर मुखवटा बांधला आहे का, याकडे लक्ष देणारा कंत्राटदार इतर बाबतींतही काळजी घेणारा निघतो. शक्य असेल तेथे जोडांचे व रंगाचे काम पावसाळ्याबाहेर ठेवावे. नाइलाज असल्यास खिडक्या बंद करून आर्द्रता शोषणारे यंत्र किंवा वातानुकूलन चालवावे.

वाद उद्भवल्यास

दोष दिसताच तारखेसह छायाचित्रे काढून कंत्राटदाराला लेखी कळवावे आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी. त्याला न कळवता दुसऱ्याकडून काम उकलून घेतल्यास पुरावा नष्ट होतो. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक सहायता क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. निव्वळ व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवांना हा कायदा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला मात्र त्यात सवलत आहे.

बोर्डाच्या भिंती नव्या सदनिकेत विकासकानेच उभारलेल्या असतील तर मार्ग वेगळा आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कारागिरीतील किंवा दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो. अशा घरात स्वतः फेरबदल करण्यापूर्वी मूळ दोषांची नोंद करून ठेवणे हिताचे, अन्यथा दोष कोणाचा यावरच वाद रंगतो. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी कामापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. वरच्या मजल्यावरील गळतीचा प्रश्न पुढे उपस्थित झाल्यास तोच पत्रव्यवहार उपयोगी पडतो.

जिप्समची भिंत दमट हवेतही अनेक वर्षे टिकू शकते. त्यासाठी पाण्याची वाट आधी बंद व्हावी लागते, योग्य जागी योग्य बोर्ड लागावा लागतो आणि प्रत्येक थराला वाळायला अवधी मिळावा लागतो. या तिन्ही गोष्टी रंगाखाली झाकल्या जाणाऱ्या आहेत. म्हणूनच दोन दरपत्रकांतील काही रुपयांच्या फरकापेक्षा, पहिला पाऊस पडून गेल्यावर आपले काम पाहायला स्वतःहून परत येण्याचे लेखी वचन देणारा आणि त्यासाठी आपल्या रकमेचा काही भाग मागे ठेवण्यास तयार असणारा कंत्राटदार ग्राहकाला अधिक स्वस्त पडतो.